उजळ करा, गोरं करू नका

आजचा विषय नवशिक्यांची पोर्ट्रेट. जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर, आपल्या सगळ्या पट्ट्यात आता मुलंमुली मोबाइलवर नाहीतर पहिल्यावहिल्या कॅमेऱ्यावर माणसांचे फोटो काढतात. फोटो दाखवून विचारतात, "कसा आलाय?" आणि उत्तर येतं, "मस्त भो!" ऐकून बरं वाटतं, पण त्यानं पुढचा फोटो सुधारत नाही. म्हणून आज आपण जरा कामाची समीक्षा करू या. नाव कुणाचंच घेणार नाही. वरचेवर दिसणारे तीन नमुने घेऊ.

पहिला नमुना केळीच्या बागेतला. शेतकरी मधोमध उभा. खांदे कॅमेऱ्याला समांतर, हात खाली, मान ताठ. एवढी देखणी बाग, आणि माणूस पंचनाम्याला बोलावल्यासारखा! यात दोष त्या काकांचा नाही. आपण नुसतं "काका, स्माईल" म्हणतो आणि गप्प होतो. मग काका ओठ ताणतात, डोळे मात्र तसेच राहतात.

यावर उपाय दोन. एक, हातांना काम द्या. पान बाजूला सारू द्या, घडावर हात ठेवू द्या, उपरणं खांद्यावर घेऊ द्या. हात कामात गुंतले की चेहरा आपोआप सैल होतो. दुसरं म्हणजे बोला, आणि त्यांच्या बोलीत बोला. "काय चाली ऱ्हायनं दादा?" असं विचारलंत की उत्तर देण्याआधी चेहऱ्यावर एक क्षण येतो. बटण तेव्हा दाबायचं.

आता शरीराची गोष्ट. वजन दोन्ही पायांवर सारखं असलं की माणूस खांबासारखा दिसतो. एका पायावर घेतलं की कंबर, खांदे आणि मान वेगवेगळ्या कोनांत जातात. हे शिकायला आपल्याला परदेशी व्हिडिओ कशाला हवेत? जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी नीट बघा. शरीराला तीन ठिकाणी बाक, म्हणजे त्रिभंग. मान कललेली, पापण्या खाली, हातात कमळ. बघणाऱ्याकडे थेट न पाहताही तो आपल्याला धरून ठेवतो. 'पोझ' हा शब्द आपण नंतर घेतला, पण ती विद्या या डोंगरात पाचव्या शतकापासून भिंतीवर आहे. काकांना त्रिभंगात उभं करा असं आम्ही म्हणत नाही हं. तत्त्व घ्या. शरीरात कुठेतरी बाक हवा, आणि नजरेला जायला जागा हवी.

दुसरा नमुना, ओट्यावर बसलेली आजी. भर दुपारचं ऊन. डोळ्यांच्या खाचांत काळोख आणि पांढऱ्या लुगड्याचा नुसता चुना झालेला. फोटो काढणारा म्हणतो, "एडिटिंगमध्ये बघू." पण पांढऱ्यातला जो तपशील जळून गेला, तो एडिटिंगमध्ये परत येत नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेड इतका कमी करा की लुगड्याचा पोत दिसेल. चेहऱ्यावरची सावली नंतर थोडी उचलता येते. त्याहून सोपं म्हणजे आजीला दोन पावलं आत घ्या.

इथे चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण काढायलाच हवी. १९१२ ते १९८९ असा त्यांचा काळ. घराबाहेर ते क्वचितच पडले, पण टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर उजेड रचून त्यांनी अख्खे देखावे उभे केले. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. घराला त्यांनी रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं, हेही लक्षात ठेवा. त्या डच चित्रकाराच्या चेहऱ्यांवर उजेड एका बाजूनं येतो, आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. आपल्या धाब्याच्या घरात हा उजेड फुकट मिळतो. जाड भिंती, आत काळोख, दार एकच. आजीला दारापासून हातभर आत, जरा तिरकं बसवा. त्रिकोण दिसेपर्यंत मान हळूहळू वळवायला सांगा. एक पैसा खर्च नाही.

आणि फोन नाकाशी नेऊ नका. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. मागे सरा आणि दुप्पट झूम वापरा.

तिसरा नमुना, आणि आजचं मुख्य बोलणं. मेहरूण तलावाच्या काठी एक मुलगी. पोझ चांगली, संध्याकाळचा उजेड चांगला. मग तिच्यावर ॲप चालवलं. कातडी प्लास्टिकसारखी गुळगुळीत, चेहरा दोन-तीन छटा गोरा. मान मात्र मूळ रंगाची, हातही मूळ रंगाचे. पाहणाऱ्याला कळतं की फोटो खोटा आहे, आणि त्या मुलीलाही एक गोष्ट कळते: मी आहे तशी चालत नाही. आमचा आक्षेप इथं आहे.

उजळ आणि गोरा यांत फरक आहे. उजळ करणं म्हणजे चेहऱ्यावर पुरेसा उजेड आणणं. ते एक्स्पोजरचं काम. गोरं करणं म्हणजे नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स चढवायचा आणि सॅच्युरेशन उतरवायचं. त्वचेचा रंग बहुतेक नारिंगीतच बसतो, त्यामुळे हे दोन स्लायडर ओढले की सावळा चेहरा राखेसारखा होतो. काठावर सोनेरी, गालावर लालसर अशी जी ऊब सावळ्या रंगात असते, ती पहिली जाते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड वापरत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की सगळ्यांचा बरोबर, असा हिशेब. सावळी माणसं त्या हिशेबातच नव्हती. गुगलनं १० छटांची मंक स्केल आणली ती २०२२ मध्ये. आणि अजिंठ्याच्या चित्रकारांनी मात्र मातीचे रंग घेऊन गव्हाळ, तपकिरी, सावळी, अशी सगळी माणसं एकाच भिंतीवर तितक्याच निगुतीनं रंगवली.

आता कुणी म्हणेल, "सर, बायोडाटाचा फोटो आहे. घरचेच म्हणतात गोरी करा. नाही केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या स्टुडिओत जाईल." अडचण खरी आहे, पोटाचा प्रश्न आहे. आमचं म्हणणं इतकंच की आधी उजेड नीट असलेला, रंग न बदललेला फोटो समोर ठेवा. पुष्कळदा घरच्यांना हवा असतो स्वच्छ फोटो, शब्द तेवढा 'गोरा' वापरतात. तरी ऐकलं नाही तर निर्णय तुमचा. पण ज्या घरी हा फोटो जाणार, तिथं उद्या ती मुलगी स्वतः जाणार आहे, एवढं बोलून दाखवा.

रंगाची एक वेगळी चूक पुन्हा केळीच्या बागेतली. पानांवरून आलेला हिरवा उजेड हनुवटीखाली बसतो आणि माणूस आजारी दिसतो. टिंट मॅजेंटाकडे न्यावा तर सगळी बाग बिघडते. म्हणून फक्त चेहऱ्यावर मास्क लावा. नाहीतर सरळ बागेच्या कडेला या आणि समोर पांढरी चादर धरा.

शेवटी, मत देणाऱ्यांसाठी. क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग उजेड, मग चौकट, रंग सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच सुधारणा सांगा, आणि ती कुठे ते बोट ठेवून दाखवा. "डावा हात कापला गेलाय" हे वाक्य दहा "मस्त"पेक्षा मोलाचं. आणि या आठवड्याचं काम: घरातल्या एका माणसाचा दारातल्या उजेडात फोटो काढा, कुठलंही फिल्टर न लावता. तो त्याच माणसाला दाखवा, आणि तो काय म्हणतो ते नीट ऐका.