नित्यप्रार्थना आणि टिळकांचे अभंग

प्रार्थनेस वेळ मिळत नाहीं, ही तक्रार ख्रिस्ती घरांत आतां नवी राहिलेली नाहीं. सकाळीं कचेरी, सायंकाळीं मुलांचा अभ्यास, मध्यें घरकाम. शेवटीं उरलेलीं चार मिनिटें देवाच्या वाट्यास येतात, आणि त्यांतलीं निम्मीं झोंपेंत जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ‘अभंगांजली’ पुन्हां वाचतांना हीच तक्रार आमच्या मनांत घोळत होती. हे अभंग काव्य म्हणून सरस आहेत, याविषयीं रसिकांत दुमत नाहीं. रोजच्या प्रार्थनेस ते कितपत पुरतात, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पण तुकोबांचा हात सोडला नाहीं. तुकारामांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. मराठी मंडळ्यांत विलायती चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें रूढ असतां त्यांनीं प्रार्थनेस अभंगाचें रूप दिलें. हा केवळ छंदाचा बदल नव्हे. तशा गीतास पेटी लागते, पुस्तक लागतें, चार गळे लागतात. अभंगास एक कंठ पुरतो.

याची खरी किंमत बीडसारख्या जिल्ह्यांत कळते. त्वरितादेवीच्या देवस्थानामुळें ओळखलें जाणारें तलवाडा हें गांव याच जिल्ह्यांतलें. येथून दरसाल असंख्य कुटुंबें ऊसतोडीस दूरच्या कारखान्यांकडे जातात आणि कित्येक महिन्यांनीं परततात. पहांटे अंधारांतच त्यांच्या हातीं कोयता येतो. त्यांतला माळकरी आपला हरिपाठ बरोबर नेतो, कारण तो पोथींत नसून मुखांत असतो. तशाच कष्टांत असलेल्या ख्रिस्ती माणसाचें देऊळ मागें राहिलें, तरी त्याच्याही मुखीं कांहीं हवें. टिळकांनीं तें दिलें, हें त्यांचें मोठें ऋण आहे.

तथापि एक उणीव सांगणें प्राप्त आहे. टिळकांचा अभंग बहुधा भरतीच्या क्षणाचा आहे. विरह, व्याकुळता, भेटीचा आनंद हे त्याचे विषय. ज्या दिवशीं मन कोरडें असतें, त्या दिवशीं हे शब्द उच्चारतांना आपण दुसऱ्याचें वस्त्र पांघरल्यासारखें वाटतें. नित्यनेमास मनःस्थितीवर न अवलंबणारे शब्द लागतात. हरिपाठाचें बळ त्यांतच आहे. आणि शिष्यांनीं ‘आम्हांस प्रार्थना करावयास शिकवा’ अशी विनंती केली, तेव्हां प्रभूनें दिलेली प्रार्थनाही अशीच आटोपशीर आहे. भाकरीची मागणी आणि अपराधांची क्षमा यांस भरती-ओहोटी नसते.

म्हणून आमचा अभिप्राय असा कीं, आधीं वेळ नेमावी, मग प्रभूची प्रार्थना, आणि मन वळल्यास टिळकांचा अभंग. हा क्रम उलटा केला, तर उमाळ्याची वाट पाहतां पाहतां नित्याचें नैमित्तिक होतें. कामाची सबब तर टिकतच नाहीं. दानिएल राज्यकारभार पाहत असूनही दिवसांतून तीन वेळां गुडघे टेकीत असे. सारें गांव दारीं लोटलें होतें, त्या सायंकाळनंतर येशू दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच एकांतीं प्रार्थनेस गेला, असें मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. ज्याच्या दारीं एवढी गर्दी होती, त्यानेंही वेळ उरण्याची वाट पाहिली नाहीं. आपण ती कशाच्या भरंवशावर पाहत आहों?