उंदीर चावला त्याचं काय?

मनोरीहून मार्वेला जाणारी फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे लागते. तेवढ्यात मोठा लेख वाचून होत नाही. त्यामुळे सी. जे. चिव्हर्स यांचा 'न्यूयॉर्क टाइम्स'मधला ऑक्टोबर २०१४चा रिपोर्ताज मी आठवडाभर तुकड्यातुकड्यांत वाचला. विषय होता इराक युद्धानंतर तिथे सापडलेली जुनी रासायनिक शस्त्रं. एका दमात वाचला असता, तर 'मग शस्त्रं होती की नव्हती?' एवढाच प्रश्न घेऊन मी बाहेर पडले असते.

तो प्रश्न अमेरिकेत वर्षानुवर्षं चघळला गेला. सद्दामकडे महासंहारक शस्त्रं आहेत असं सांगून २००३मध्ये हल्ला झाला. २००४च्या ड्युल्फर अहवालाने सांगितलं, की तो कार्यक्रम १९९१नंतरच गुंडाळला गेला होता. मग जून २००६मध्ये रिक सॅन्टोरम हे सिनेटर उभे राहिले. सुमारे ५०० रासायनिक गोळे सापडलेत, म्हणजे शस्त्रं होती, असं त्यांचं म्हणणं. विरोधक म्हणाले, हे तर १९९१च्या आधीचं गंजकं भंगार. आपल्याकडे 'डोंगर पोखरून उंदीर काढला' म्हणून विषय मिटला असता.

चिव्हर्स यांचं मोठेपण इथे आहे. उंदीरच निघाला हे ते मान्य करतात, आणि मग विचारतात, तो चावला त्याचं काय? २००४ ते २०११ या काळात सैन्याला असे सुमारे ५,००० गोळे, रॉकेटं आणि बॉम्ब सापडले. १७ अमेरिकन सैनिक आणि ७ इराकी पोलीस बाधित झाल्याची नोंद त्यांनी केली. मस्टर्ड वर्षानुवर्षं टिकतं. अंगावर पडलं तरी लगेच काही कळत नाही, फोड काही तासांनी येतात. त्यामुळे 'जुनं' हा शब्दच फसवा. वादात तो 'निकामी' या अर्थाने वापरला जात होता. खड्ड्यातून गोळा उचलणाऱ्या पोराला मात्र हा अर्थ कुणी सांगितला नव्हता. उलट झाल्या प्रकाराबद्दल बोलू नका, असं काहींना बजावण्यात आलं.

गप्प का बसवलं, याचं उत्तर रिपोर्ताजमधलं सगळ्यात बोचरं आहे. हे गोळे इराण-इराक युद्धाच्या काळातले, आणि तेव्हा पाश्चात्त्य देश सद्दामच्या बाजूने होते. काही गोळ्यांचा आराखडा अमेरिकेचा, बनावट युरोपातली. म्हणजे जे सापडलं त्याने युद्धाचं कारण तर सिद्ध होत नव्हतंच, वर जुना हिशेब उघडा पडत होता.

माझी तक्रार दुसरी आहे. अमेरिकन सैनिकांना या लेखात चेहरा मिळतो, घर मिळतं, आजारपण मिळतं. इराकी माणसं बहुतेक आकड्यांतच राहतात. १६ मार्च १९८८ला हलबजामध्ये हजारो कुर्द अशाच विषाने मेले. तेही पार्श्वभूमीपुरतेच येतात. गुप्ततेवर लिहिलेल्या लेखालाही कुणाचं दुःख आधी सांगायचं हे ठरवावं लागतं, आणि त्याने ते आपल्या वाचकाकडे बघून ठरवलं.

पण हसायचं कुणाला? १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन फुटलं. बोटीवर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवानही. गोष्ट सांगताना मात्र आपण सोन्याच्या विटांवर येतो. त्यातल्या काही कित्येक वर्षांनी गाळ काढताना मिळाल्या ना, मग झालं!

आणि 'होती की नव्हती' तर आपल्या घरातलंच आहे. ऑगस्ट १९९२मध्ये भारत आणि पाकिस्तानने मिळून जाहीर केलं, की आमच्याकडे रासायनिक शस्त्रं नाहीत. जून १९९७मध्ये भारताने १,०४४ टन मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं. २००९पर्यंत ते नष्टही केलं, हे चांगलंच. पण ते बनवणाऱ्या, सांभाळणाऱ्या, जाळणाऱ्या हातांवर चिव्हर्ससारखं लिहिलेलं मराठीत माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

रिपोर्ताज संपला त्या संध्याकाळी मी मामाला बॉर्नहोमची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची विषारी अस्त्रं बाल्टिक समुद्रात त्या बेटाजवळ बुडवली. पुढे कितीतरी वर्षं डेन्मार्कच्या कोळ्यांच्या जाळ्यात मस्टर्डचे गोळे येत राहिले, माणसं भाजत राहिली. मामा जाळं शिवत होता.

"आमच्या जाळ्यात लोखंड आलं, की आम्ही परत पाण्यात टाकतो."

"मग ते दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल ना, मामा?"

"जाईल की. म्हणून जागा सांगून ठेवायची. न सांगणारा असतो, त्याच्याशी भांडण होतं."

अमेरिकी लष्कराने त्या सैनिकांची माफी मागितली ती मार्च २०१५मध्ये, लेख छापून आल्यावर पाच महिन्यांनी. मामाला हे सांगितलं, तर त्याने विचारलं, "आणि ते सात पोलीस?"