तलवारीची मूठ आणि नितोबेंचे एक वाक्य

इनाझो नितोबे यांचे 'बुशिदो' हे छोटेखानी पुस्तक १९०० साली अमेरिकेत इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. सामुराईच्या मनाची बाहेरच्या जगाला जी ओळख झाली ती बरीचशी या पुस्तकाने करून दिली. मी ते प्रथम महाविद्यालयात असताना वाचले, तेव्हा भारावून गेलो होतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुन्हा हाती घेतले आणि तेराव्या प्रकरणातल्या एका वाक्यापाशी अडकलो. त्या अडकण्याचाच हा लेख आहे.

प्रकरणाचा विषय तलवार. ती सामुराईचा आत्मा कशी, हे नितोबे सांगतात. पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेची खेळण्यातली कट्यार जाऊन तिथे खरी तलवार येते, इथून सुरुवात होते. पुढे तलवारीच्या साजाचा उल्लेख येतो. मुठीवरचे कातडे आणि उंची रेशीम, हातरक्षक चकतीवरचे सोने-चांदी, म्यानावरचे रंगीत लाखकाम यांनी त्या शस्त्राची निम्मी दहशत हिरावून घेतली. पण पात्यापुढे ही सगळी नुसती खेळणी, असा त्या वाक्याचा भावार्थ. एवढे म्हणून नितोबे लोहाराकडे वळतात. लोहार हा केवळ कारागीर नव्हे, प्रतिभावंत कलावंत. त्याची भट्टी म्हणजे देवघर. स्नान-प्रार्थनेखेरीज तो कामाला हात लावीत नाही. हे वर्णन उत्तम आहे, आणि खरेही आहे. मुठीवर रेशीम गुंडाळणाऱ्याला मात्र त्या अर्ध्या वाक्यापलीकडे जागा नाही.

आता ही मूठ म्हणजे काय प्रकरण आहे ते पाहू. आपल्याकडच्या तलवारीची मूठ धातूची. पात्याचे शेपूट तिच्या पोकळीत घालून राळ किंवा लाख ओतली की काम झाले. जपानी कतानाची मूठ लाकडी. होनोकी नावाच्या झाडाचे, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातल्या झाडाचे, मऊ लाकूड त्यासाठी घेतात. त्याच्या दोन फाका आतून पात्याच्या शेपटाच्या मापाने कोरायच्या आणि भाताच्या खळीने चिकटवायच्या. पाते आत धरून ठेवायला बांबूची एक खुंटी, मेकुगी. लोखंडी खिळा नाही, स्क्रू नाही. खुंटी ठोकून काढली की मूठ पात्यावरून सरकून हातात येते.

लाकडावर येते माशाचे कातडे. नितोबे त्याला शार्कचे, म्हणजे आपल्या मुशीचे म्हणतात. जपानी शब्द 'सामे' याचा अर्थ तोच, त्यामुळे ही चूक सर्रास होते. पण ते कातडे असते पाकटाचे. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना पाकट सांगायला नको. त्याच्या पाठीवर पांढरे, कठीण दाणे असतात. जपानात चांगले कातडे दक्षिणेकडच्या समुद्रांतून, जहाजाने येई. या दाण्यांवर रेशमाची चपटी, विणलेली पट्टी ओढून गुंडाळली की दाणे तिला धरून ठेवतात आणि पट्टी घसरत नाही. पट्टी साधारण ८ ते १० मिलीमीटर रुंद आणि चार मीटरच्या आसपास लांब. मूठ मात्र वीतभराहून थोडीच मोठी. एवढी पट्टी एवढ्याशा जागेत जिरवायची.

गुंडाळण्याला 'त्सुकामाकी' म्हणतात. पट्टीचा मध्य मुठीच्या तोंडाशी ठेवून दोन्ही टोके दोन बाजूंनी आणायची, समोर एकमेकांवरून ओलांडायची, मूठ पालथी करून मागे ओलांडायची, पुन्हा समोर. दर ओलांडणीला पट्टीला पीळ द्यायचा म्हणजे ती उभी राहते आणि बोटांना धार लागते. ओलांडणीच्या पोटात कागदाच्या इवल्या त्रिकोणी घड्या सारायच्या, म्हणजे चौकटीचा आकार दबत नाही. त्या बाहेरून कधीच दिसत नाहीत. एका ओलांडणीला डावी पट्टी वर आली तर पुढच्याला उजवी वर आली पाहिजे. चौकटींची संख्याही आधी ठरवावी लागते, कारण शेवटी दोन्ही टोके बुंध्याच्या टोपीतून जाऊन गाठीत संपायची असतात. तिथे पट्टी वीतभर उरली किंवा बोटभर कमी पडली तर सगळे उकलून पुन्हा पहिल्यापासून.

हे वाचून कळत नाही. एका माजी विद्यार्थ्याने अशा कारागिराची चित्रफीत दाखवली, तरी कळले नाही. म्हणून मी घरात सापडलेली चपटी सुती नाडी आणि फळ्यावर रेघा मारायची जाड पट्टी घेऊन बसलो. (आमच्या घरातल्यांनी या उद्योगावर केलेली टिप्पणी इथे देत नाही.) पहिल्या खेपेस मी दर वेळी उजवीच वर घेतली. दिसायला झकास झाले. पट्टी मुठीत धरून दोनदा पिळली आणि सगळी ओळ एका अंगाला सरकली. दुसऱ्या खेपेस आलटूनपालटून घेतली. चौकटी वेड्यावाकड्या झाल्या, पण सरकल्या नाहीत. स्वस्त नकली तलवारींत ही अदलाबदल बहुधा गाळलेली असते, असे मागाहून कळले. ज्याला ती फक्त भिंतीवर टांगायची त्याला फरक पडत नाही.

माझा नितोबेंशी पहिला मतभेद इथे आहे. जे काढून घेतले तर वस्तूचे काम अडत नाही, त्याला अलंकार म्हणावे. चकतीवरचे सोने तसे आहे. मुठीवरचे रेशीम तसे नाही. घामेजलेल्या दोन हातांत लाकूड निसटते; पट्टीच्या उंचसखल चौकटीत बोटे रुततात. दोन फाकांची मूठ वार झेलताना उकलू नये म्हणून तिला कातडे आणि पट्टी आवळून धरतात. नितोबेंनी सोने, लाख आणि रेशीम एकाच रांगेत बसवले. सुंदर दिसते ते वरवरचेच असणार, हा समीक्षकांचा जुना रोग आहे.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन नियम सांगितले. एम.ए.ला आम्ही ते तोंडपाठ केले आणि प्रत्येक कवितेला लावले. या मुठीला ते जितके चपखल बसतात तितके पुष्कळ कवितांनाही बसत नसतील. काळे रेशीम आणि चौकटीतून डोकावणारे पांढरे दाणे हा विरोध; एकामागून एक सारख्या चौकटींचा संवाद; डाव्या-उजव्याचा समतोल. पण मर्ढेकरांचा सौंदर्यविचार उपयोगाला दाराबाहेर उभा करतो, आणि इथे तर समतोल बिघडला की मूठ सरकते! डोळ्याला जो नियम हवा तोच तळहातालाही हवा. इथे मर्ढेकरांच्या चौकटीत ही वस्तू मावत नाही, आणि नितोबेंच्याही नाही.

सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) मदतीला येतील असे वाटले होते. अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, हे त्यांनी आयुष्यभर मांडले आणि १९३६ साली टोकियोत त्यासाठी संग्रहालयही उभारले. पण त्यांचा जीव सामान्य माणसाच्या वाडग्या-सुरयांत. सामुराईच्या कमरेची वस्तू त्या पंगतीत बसत नाही. मूठ गुंडाळणारा त्यामुळे दोन्हीकडून सुटला : नितोबेंच्या लेखी तो पुरेसा थोर नाही, यानागींच्या लेखी त्याची वस्तू पुरेशी साधी नाही.

नावाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. लोहार आपले नाव पात्याच्या शेपटावर कोरतो. ते शेपूट मुठीत जाते. म्हणजे नावाजलेल्या माणसाची सही ज्याने झाकली जाते ते काम बहुधा बिननावाच्या माणसाचे. सही वाचायची तर त्याचे काम आधी सरकवावे लागते. शेपटावरचा काळा गंज मुद्दाम घासत नाहीत, कारण त्यावरून पात्याचे वय ताडता येते. मुठीच्या रेशमाला असा मान नाही. ते घामाने कुजते, झिजते, आणि उकलून नवे गुंडाळावे लागते. सातशे वर्षांपूर्वीचे पाते आजही आहे; त्यावर त्या काळात गुंडाळलेले रेशीम सहसा नसते. पण गुंडाळण्याची रीत शिल्लक आहे, कारण दर काही वर्षांनी कोणाला तरी ती पुन्हा करावी लागली.

नितोबेंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते मोरिओकाच्या सामुराई घराण्यात १८६२ साली जन्मले. २८ मार्च १८७६ रोजी सरकारने लोकांना कमरेला तलवार लावून फिरण्याची बंदी केली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. त्यानंतर तलवारींचा साज सुटा सुटा विकला गेला. चकत्या आणि मुठीवरची चिमुकली धातूची शिल्पे, मेनुकी, युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. घराण्याची तलवार तुकड्या-तुकड्यांनी परदेशी दिवाणखान्यात शोभेची झालेली ज्या पिढीने पाहिली, तिने त्या शोभेला खेळणे म्हणावे, यात राग असेल, असा माझा तर्क आहे. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. मात्र एवढे खरे की मेनुकी पट्टीच्या आत दाबून बसवलेली असते. ती काढायची तर पट्टी उकलावी लागते, किंवा कापावी लागते. सोन्याला गिऱ्हाईक होते, कापलेल्या रेशमाला नव्हते.

हे सारे मला इतके का लागले, तेही सांगून टाकतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी वर्गात सांगत आलो की आशय महत्त्वाचा, भाषा हे त्याचे वस्त्र. आमच्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात हे वाक्य पालकांनाही फार सोयीचे पडते. विषय समजल्याशी कारण, माध्यम कोणते का असेना, असे मला ऐकवले जाते आणि मी मान डोलावतो. नितोबेंनी आपल्या लोकांचे अंतःकरण इंग्रजीत लिहिले, आणि ते जपानीत दुसऱ्यांना आणावे लागले. यानाइहारा तादाओ यांचे १९३८चे भाषांतर आजही वाचले जाते. पाते नितोबेंचे आणि जपानी मूठ दुसऱ्याच्या हातची. जपानी वाचकाने पुस्तक धरले ते त्या मुठीला. ती मूठ खेळणे होती, असे त्या वाचकाला सांगून पाहावे.

आता प्रकरणाचा शेवट. उत्तम तलवारीची एवढी स्तुती केल्यावर नितोबे एका माणसाची गोष्ट सांगतात. कात्सु काइशु हे शोगुनच्या पक्षाचे मुत्सद्दी. १८६८ साली एदो शहर रक्तपाताशिवाय सम्राटाच्या सैन्याच्या स्वाधीन झाले त्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या जिवावर अनेकदा उठले गेले, पण त्यांनी कोणाला मारले नाही. आपली तलवार त्यांनी म्यानाला अशी घट्ट बांधून ठेवली होती की ती उपसणेच कठीण. नितोबेंना हा सामुराई सर्वांत थोर वाटतो, आणि या प्रकरणातले ते सर्वांत सुंदर पान आहे.

पण मग त्या तलवारीचे पाते कोणाला दिसत होते? कात्सुंच्या शत्रूला दिसली असेल ती कमरेच्या पट्ट्यातून पुढे आलेली मूठ. आणि स्वतः कात्सुंनी रात्री-अपरात्री चाहूल लागल्यावर हात नेला असेल तो त्या मुठीवरच, रेशमाच्या त्या चौकटींवर. आणि तिथूनच परत घेतला असेल.