फ्लाइट डायरेक्टर आणि ‘वैमानिकाची चूक’ : एका निष्कर्षाची चिकित्सा

प्रस्तावना :
विमानातील ‘फ्लाइट डायरेक्टर’ हे साधन पडद्यावरील दोन रेषांद्वारे विमानाचे नाक कोठे ठेवावे हे सुचविते. विमान चालवीत मात्र नाही. नियंत्रण कक्षाने नवी दिशा वा उंची दिली आणि ती यंत्रणेत भरली गेली नाही, तर रेषा जुनेच लक्ष्य दाखवीत राहतात. अशा वेळी हाताने विमान चालविणाऱ्याने रेषा नुसत्या दुर्लक्षाव्यात की बंद कराव्यात, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही.

घटना :
१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘ए-३२०’ विमान (उड्डाण ६०५) बंगळूर येथे धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान ‘ओपन डिसेंट’ अवस्थेत होते. या अवस्थेत इंजिने किमान शक्तीवर राहतात आणि वेग राखण्याचे काम नाकाच्या कलावर सोपविलेले असते. रेषांना न जुमानता नाक वर धरले, तर वेग घटत जातो. इंजिने मात्र स्वस्थ राहतात. दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर बंद केले असते, तर इंजिनांची स्वयंचलित यंत्रणा वेग राखण्याच्या अवस्थेत आली असती. प्रत्यक्षात एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला.

चिकित्सा :
न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने चारशे, तीनशे व दोनशे फुटांच्या घोषणा होऊनही वैमानिकांनी तत्काळ शक्ती वाढविली नाही, यास प्रमुख कारण मानले. ते नाकारता येत नाही. वेगावर लक्ष ठेवणे ही वैमानिकाची जबाबदारी आहेच. तथापि ‘काय केले नाही’ याचे उत्तर म्हणजे ‘का केले नाही’ याचे उत्तर नव्हे. अंतिम टप्प्यात ही अवस्था का लागू झाली, हे निश्चित सांगता येत नाही, असे चौकशीनेच मान्य केले होते. म्हणजे मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला आणि दोष मात्र निश्चित झाला.

या त्रुटीची किंमत पुढे दिसली. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना एअरलाइन्सचे बोईंग ७७७ विमान कोसळले व ३ प्रवासी दगावले. विमान वेगळे, उत्पादक वेगळा. परंतु तेथेही एक फ्लाइट डायरेक्टर बंद व दुसरा चालू होता. दोन्ही बंद असते तर यंत्रणा वेग राखण्याकडे वळली असती, असे अमेरिकन चौकशीत आढळले. त्या चौकशीने वैमानिकांच्या चुकांबरोबरच यंत्रणेची गुंतागुंत आणि प्रशिक्षणातील उणिवा यांचीही नोंद घेतली. दोन अहवालांतील हा फरक लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
या दोन्ही विमानांत दुर्लक्षिलेला फ्लाइट डायरेक्टर हा बंद केलेला फ्लाइट डायरेक्टर नव्हता. न पाहिलेल्या रेषाही इंजिनांना बांधून ठेवीत होत्या. म्हणून हाताने उड्डाण करताना एक तर रेषांचे पालन करावे, अन्यथा दोन्ही बाजूंचे डायरेक्टर बंद करावेत, हे तत्त्व प्रशिक्षणात केवळ नियम म्हणून नव्हे, तर कारणासह शिकविले गेले पाहिजे. ‘मानवी चूक’ हा चौकशीचा शेवट नसून आरंभ असावा.