तिसरा डोळा की तिसऱ्याचा डोळा? : सीसीटीव्हीचा इतिहास आणि तीन चित्रपट



आपल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेलं वाक्य असतं : 'सदर घटना सीसीटीव्हीत कैद झाली.' दुसरा लाडका शब्द म्हणजे 'तिसरा डोळा'. आता शंकराचा तिसरा डोळा एरवी मिटलेला असतो, आणि उघडला की समोरचं भस्म होतं. आपला हा डोळा चोवीस तास उघडा असतो, आणि समोर काहीही घडलं तरी तो नुसता बघत राहतो. (हशा) तेव्हा उपमा जरा तपासून घ्यायला हवी. आज मला तेच करायचं आहे. त्यासाठी या तंत्राचा थोडा इतिहास आणि त्यावर बेतलेले तीन चित्रपट असं दोन्ही शेजारी ठेवून बघू.

हा इतिहास बहुधा 'नजर तीक्ष्ण होत गेली' असा सांगतात. आधी धूसर चित्र, मग रंगीत, मग एचडी, मग चेहरा ओळखणारं. यात खोटं काही नाही, पण मुख्य गोष्ट निसटते. या तंत्रात खरे बदल झाले ते दोन ठिकाणी : चित्र साठवतं कोण, आणि ते बघतं कोण.

सुरुवात बघा. 1942 साली जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-2 रॉकेटच्या चाचण्या चालू होत्या. उड्डाणाच्या वेळी जवळ थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने बंद वायरीवरचा टीव्ही बसवला आणि लोक सुरक्षित जागेतून उड्डाण पाहू लागले. यात साठवण नव्हती. जे दिसलं ते दिसलं, गेलं ते गेलं. म्हणजे मूळ कल्पना माणसांवर पाळत ठेवायची नव्हतीच, स्वतःचा जीव वाचवून बघण्याची होती.

दुसरा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका होत्या. कामाच्या वेळा आडनिड्या, घरी बऱ्याचदा एकट्या, आणि बोलावलं तर पोलीस लवकर येत नसत. त्यांनी आणि त्यांचे पती अल्बर्ट यांनी 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो 1969 मध्ये मंजूर झाला. दाराला चार वेगवेगळ्या उंचीची भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दार उघडायचं बटण आणि धोक्याची घंटा. इथे बघणारी कोण? जिला धोका आहे तीच. कॅमेरा तिचा, पडदा तिचा, बटणही तिचं. पुढच्या इतिहासात हे समीकरण पुन्हा फारसं जुळलेलं दिसत नाही.

मग आली टेप. आणि इथून मामला बदलतो. टेप महाग, म्हणून सेकंदाला मोजकीच चित्रं घ्यायची, एकाच पडद्याचे चार तुकडे करायचे, आणि तीच टेप घासून घासून वापरायची. चित्र बर्फ पडल्यासारखं. तरीही या चित्रांनी एक देश बदलला. 12 फेब्रुवारी 1993 रोजी ब्रिटनमध्ये बूटलच्या बाजार-संकुलातून दोन वर्षांच्या मुलाला नेण्यात आलं आणि त्याचा खून झाला. नेणारी स्वतःच मुलं होती, हे कॅमेऱ्याच्या अंधुक चित्रांत दिसलं. कॅमेऱ्याने काही थांबवलं नव्हतं. पण ती चित्रं घरोघरी दिसली आणि त्यानंतर ब्रिटिश सरकारने गावोगावी कॅमेऱ्यांसाठी पैसा ओतला.

त्याने गुन्हे कमी झाले का? वेल्श आणि फॅरिंग्टन या अभ्यासकांनी 2008 मध्ये उपलब्ध पाहण्यांचा एकत्र आढावा घेतला. एकूण घट साधारण 16 टक्के. पण यातलं बरंच श्रेय वाहनतळांचं, तिथे घट 51 टक्के. भर शहरात म्हणावा असा फरक नाही. आणि वाहनतळांवर कॅमेऱ्याबरोबर दिवे सुधारले, पहारेकरीही आले. म्हणजे गाडी वाचते. माणसाचं मात्र नक्की सांगता येत नाही.

आता चित्रपटांकडे. पहिला, अँड्रिया आर्नल्ड यांचा 'रेड रोड', 2006 चा. ग्लासगोतली जॅकी नियंत्रण कक्षात बसून शहराचे पडदे बघते. सुरुवातीला तिची नजर मायेची आहे. आजारी कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे ती ओळखीचा असल्यासारखी बघते. मग तिच्या भूतकाळातला एक माणूस पडद्यावर दिसतो आणि तीच यंत्रणा तिच्या खासगी पाठलागाचं साधन होते. बघणाऱ्यालाही शरीर असतं, दुःख असतं, हे या चित्रपटाने फार नेमकं पकडलं. माझी तक्रार एवढीच : सरकारी यंत्रणा एक कर्मचारी स्वतःसाठी वापरते, याचा जाब तिला कुणी विचारत नाही, आणि दिग्दर्शिकेलाही तो प्रश्न पडत नाही. दुःख खरं आहे म्हणून आपण तिला माफ करतो. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर?

दुसरा, हारून फारोकी यांचा माहितीपट, 2000 सालचा, तुरुंगांच्या चित्रांविषयीचा. त्यात कॅलिफोर्नियातल्या कॉर्कोरन तुरुंगाच्या आवारातलं चित्रण आहे. कैद्यांची मारामारी होते, पहारेकरी गोळी झाडतो, माणूस पडतो. सगळं निःशब्द. फारोकी काहीही सजवत नाहीत. ती शांतता अंगावर येते, कारण कळतं की हे चित्र आपल्यासाठी नव्हतंच. ते तुरुंगाने तुरुंगासाठी घेतलं होतं.

तिसरा आपल्याकडचा. दिबाकर बॅनर्जी यांचा 'लव्ह सेक्स और धोखा', 2010. त्यातली मधली गोष्ट एका दुकानाच्या सीसीटीव्हीतून दिसते. कर्जात अडकलेला आदर्श, सोबत काम करणारी रश्मी, आणि तिच्या नकळत चित्रण करून ते विकायचा बेत. कॅमेरा छताला टांगलेला, हलत नाही. रडणारी मुलगी कोपऱ्यात अर्धीच दिसते आणि आपली मान नकळत वाकडी होते. हे काम उत्तम आहे. पण एक लबाडी आहे : संवाद स्वच्छ ऐकू येतात. त्या काळच्या दुकानी कॅमेऱ्यांना बहुधा आवाज नसायचा. दिग्दर्शकाला रश्मी माणूस म्हणून कळायला हवी होती, म्हणून त्याने तिला आवाज दिला. प्रेक्षक म्हणून मी आभारी आहे. पण त्यामुळे जरा सोपंही झालं. खऱ्या फितीत रश्मीची बाजू ऐकूच आली नसती. फारोकींची शांतता इथे जास्त प्रामाणिक ठरते. तरीही मोठा प्रश्न बॅनर्जींनीच विचारला : ज्याच्या हातात डीव्हीआर, त्याच्या हातात गोष्ट.

हे फक्त पडद्यावरचं नाही. जालन्याचं प्रकरण घ्या. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रण झालेलं होतं. कायद्याला त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि वारंवार मागूनही अधिकारी ते देईनात. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या 14 जुलै 2020 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. पण माणसाने सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही. बघा, चित्र होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी ते एका सहीवाचून अडलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. कोठडीसुद्धा त्यात आली. चित्राबरोबर आवाजही हवा, आणि साठवण अठरा महिन्यांची, किमान वर्षाची. मला हा निकाल फार शहाणा वाटतो, कारण न्यायालय 'किती कॅमेरे' एवढ्यावर थांबलं नाही. आवाज आहे का, किती दिवस राहणार, कोण मागवू शकतो, हेही त्याने विचारलं. फारोकींच्या चित्रपटातली शांतता आणि बॅनर्जींचा डीव्हीआर, दोन्ही प्रश्न तिथे कायद्याच्या भाषेत आले.

आता बघणारा माणूसही हळूहळू उठून चालला आहे. 1996 मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने नेटवर्कला थेट जोडणारा कॅमेरा आणला. तो अगदी संथ होता, पण चित्र नियंत्रण कक्षातून सुटलं आणि कुठेही जाऊ लागलं. पुढे शोध घ्यायचं काम सॉफ्टवेअर करू लागलं. जॅकीला निदान दया येऊ शकत होती. जॅकीची खुर्ची रिकामी झाली की तिचा गैरवापर जातो, आणि तिची मायाही जाते.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीच्या सभेत 'आणखी चार कॅमेरे लावू' असा ठराव आला, तर विरोध करा असं मी म्हणणार नाही. तीन प्रश्न मात्र विचारा. चित्र किती दिवस राहणार? ते कोण उघडू शकतं? आणि उद्या माझ्याच दारात काही घडलं, तर मला ते कुणाच्या परवानगीने मिळणार? इतिवृत्तात उत्तरं लिहून घ्या. ती मिळाली नाहीत, तर तो तिसरा डोळा नाही, कुणा तिसऱ्याचा डोळा आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.