कथांची शिदोरी

बालवाङ्मयाकडे आपण धर्मसेवक सहसा गांभीर्याने पाहत नाही. तथापि दोना बार्बा हिगेरा यांची 'द लास्ट क्वेंतिस्ता' ही इंग्रजी कादंबरी (२०२१) मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येकाने वाचावी, असे आम्हांस वाटते. तिला २०२२ साली अमेरिकेतील न्यूबेरी पदक लाभले. 'क्वेंतिस्ता' म्हणजे कथा सांगणारी.

२०६१ साली हॅलेचा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार, म्हणून निवडक शास्त्रज्ञ कुटुंबे दूरच्या ग्रहाकडे निघतात. त्यांत पेत्रा ही न्यू मेक्सिकोतील मुलगी आहे. प्रवास सुमारे ३८० वर्षांचा, तोही निद्रेत. जाग येते तेव्हा यानाची सत्ता 'समष्टी' म्हणविणाऱ्यांच्या हाती गेलेली असते. भेद नाहीसे केले की कलह मिटतील, या समजुतीने त्यांनी प्रवाशांच्या स्मृती पुसल्या आहेत. पेत्राची स्मृती तेवढी शाबूत राहते. मागे राहिलेल्या आजीच्या मेक्सिकन लोककथा ती इतर मुलांना चोरून सांगू लागते.

या कथा केवळ अलंकारासाठी आलेल्या नाहीत. धूमकेतू म्हणजे पृथ्वीमातेकडे परतणारा अग्निसर्प, असे आजी सांगते, तेव्हा विनाशाची भीती वियोगाच्या दुःखात विरघळते. विज्ञान जे सांगू शकत नाही, ते कथा सांगते. शिवाय पेत्रा कथा जशीच्या तशी पाठ म्हणत नाही. ऐकणारा पाहून ती तिला नवे वळण देते, आणि त्यामुळेच कथा जिवंत राहते.

दोन उणिवा मात्र नमूद केल्या पाहिजेत. समष्टीची माणसे फारच एकरंगी उतरली आहेत. ऐक्यासाठी एकसारखेपणा हा मोह दुष्टांनाच होतो असे नाही. तो सज्जनांना आणि मंडळ्यांनाही होतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. यानात जागा उपयुक्ततेवर मिळते. आजीला ती नाही, आणि पेत्राला आपली अधू दृष्टी लपवावी लागते. या तारवाचे दार कोणी व कोणासाठी बंद केले, हा प्रश्न लेखिका उपस्थित करतात, पण त्यापाशी पुरेशा थांबत नाहीत.

तरीही पुस्तक आम्हांस अंतर्मुख करून गेले. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांची व्यथा आपण स्तोत्रसंहितेत वाचतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापले, तेव्हा त्यांनीही पवित्र कथा ऐकणाऱ्यांच्या ओवीत नव्याने सांगितली. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या घरांत नातवंडांची शाळा एका भाषेत आणि आजीची प्रार्थना दुसऱ्या भाषेत चालते. तेथे स्मृती कोणी बळाने पुसत नाही. ती न सांगितल्यामुळेच पुसली जाते. रविवारच्या वर्गात प्रश्नोत्तरे घोकून घेण्यापूर्वी आपण मुलांना किती कथा दिल्या, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा.