टर्बोची शिट्टी

माहुलच्या रिफायनरीतून भरून निघालेला टँकर खालच्या गिअरमध्ये वेग घेऊ लागला, की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी चढत जाते. तोच टँकर रिकामा परतताना ती जेमतेम ऐकू येते. टर्बोचार्जरचं सगळं सौंदर्य मला या फरकात दिसतं. भार आला की डिझेल जास्त जळतं, जळलेला वायू जास्त जोमाने बाहेर पडतो आणि जाता जाता पुढच्या घासासाठी जास्त हवा आत कोंबून जातो. कुणी सांगावं लागत नाही. डिझेलच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे उडून जातो. त्यातला थोडा तरी कामाला जुंपावा, या कल्पनेचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच घेतलं होतं.

मिस्त्रीच्या टेबलावर उघडलेला टर्बो पाहावा. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं, मुठीत मावतील एवढी. एका चाकावर सहाशे अंशांच्या आसपास तापलेला वायू, दुसऱ्यावर फिल्टरमधून आलेली बाहेरची हवा, आणि दोहोंत अंतर फार तर वीतभर! दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करत नाही. मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवतो. तेल थांबलं आणि दांडा तापलेलाच राहिला, तर ते तिथेच जळून कोळसा होतं.

ही ऊर्जा फुकटची म्हणतात, ते मात्र पूर्ण खरं नाही. वाटेत चाक असल्यामुळे वायू बाहेर लोटताना पिस्टनला जोर लावावा लागतो. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाक वेग घेईपर्यंत गाडी क्षणभर रेंगाळते. रसभंग म्हणावा तर एवढाच.

मग पिस्टनच काढून गाडी नुसत्या टर्बाइनवर का चालवू नये? क्रायस्लरने १९६३ पासून अशा ५० गाड्या लोकांना वापरायला दिल्या. एक्झॉस्टची उष्णता परत आत आणणाऱ्या दोन फिरत्या चकत्या त्यांत होत्या, कारागिरी अप्रतिम. पण टर्बाइनच्या ताकदीचा मोठा वाटा स्वतःचाच कॉम्प्रेसर फिरवण्यात जातो, आणि भार उतरला तरी हा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. नाक्यानाक्यावर थांबणाऱ्या गाडीला ते कसं परवडावं?

माहुलच्या शेजारी, टाटा पॉवरच्या ट्रॉम्बे केंद्रात, गॅसवर चालणारा १८० मेगावॉटचा संच आहे. तिथे टर्बाइनच्या एक्झॉस्टवर बॉयलरमध्ये वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवतात. तासन्‌तास एकाच भारावर चालायचं, तिथे टर्बाइनला तोड नाही. टँकरच्या केबिनखाली तेवढा बॉयलर कुठे ठेवणार!